हजेरीचा पुरावा

संताप आला की माणसानं आधी घोटभर पाणी प्यावं, मग घराबाहेर पडावं. मी न पिताच पडलो आणि कसा तोंडावर पडलो, ते ऐका.

कॉलेजातून पत्र आलं. माझी मुलगी सायली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पत्रात लिहिलेलं, ‘उद्योजकता’ या विषयात तिची हजेरी कमी. ती भरली नाही, तर टोमॅटो निवडायचं मशीन तिला कंपनीवाल्यांपुढं मांडता येणार नाही. वर्षभर त्या मशीनवर खपली होती पोर.

हजेरी कमी? अहो, निरगुडसरच्या फाट्यावर सातच्या गाडीत रोज मी स्वतः बसवतो तिला! आणि मी हवेत बोलत नाही. वीस वर्षं डायरी लिहितोय. पाऊस किती पडला, गाय कधी व्याली, गाडी किती मिनिटं उशिरा आली, सगळं त्यात.

“पप्पा, मी बोलते ना सरांशी,” सायली म्हणाली.

“तू गप. अन्याय मला बघवत नाही.”

“मग निदान डायरी नका नेऊ.”

आता सांगा, पुरावा घरी ठेवून कुणी भांडायला जातं का?

बायको म्हणाली, “आवो, पोरगी काय म्हणती ते ऐका तरी. तुमी म्हंजी लई शाणं.”

मी निघालो.

सर तरुण आणि हसतमुख. तेच मला आधी खटकलं. डायरी त्यांच्यापुढं आपटली. “वाचा. सोमवार, गाडी सात वाजून चार मिनिटं. मंगळवार, सात-दोन. पोरगी एक दिवस चुकली असेल तर दाखवा.”

“काका, कॉलेजात ती रोज असते. कमी पडलीय ती घरची हजेरी.”

“घरची?”

“या विषयाचा तास आम्ही उलटा घेतो. शिकवणं संध्याकाळी आठला, मोबाईलवर. मुलं घरून बघतात. घरचा अभ्यास मात्र इथं, आमच्यासमोर, मशीन जोडत.”

“वा! म्हणजे वर्ग आमच्या ओसरीवर, आणि मास्तर तुम्ही?”

सर डायरी चाळता चाळता एका पानावर थांबले आणि वाचू लागले. “‘आठ वाजता सायलीच्या हातातला मोबाईल काढून कपाटात ठेवला. बहाणा सांगते, म्हणे वर्ग सुरू आहे.’”

पान उलटलं. “‘आजही काढला. म्हणे सर हजेरी घेतात. हसू आलं.’”

आणखी एक पान. “‘आज मोबाईल मागितलाच नाही. पोरगी सुधारतेय.’”

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम खिडकीकडं तोंड करून खोकू लागल्या.

“काका, इतक्या नेमक्या तारखा आमच्याकडंही नाहीत,” सर म्हणाले. “पालकांचा अर्ज असला तर बुडालेले तास भरून घेता येतात. कारण तेवढं लिहा.”

अर्जात कारणांच्या चौकटी होत्या. आजारपण, वीज नाही, रेंज नाही, इतर. पेन एकेका चौकटीवर नेऊन मागं घेतलं. खोटं लिहायची सवय नाही. शेवटी ‘इतर’वर खूण केली आणि पुढं लिहिलं, ‘वडील’.

खाली हमीची ओळ होती. ‘हे कारण पुन्हा उद्भवणार नाही.’ मी सही करायला वाकलो, तर सरांनी हळूच कागद ओढून घेतला.

“राहू द्या, काका. या कारणाची हमी आपण सायलीकडूनच घेऊ.”