धुळ्यात बसवलेला सुपरचार्जर

सुपरचार्जर म्हणजे काय, हे मला कळायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पण नवऱ्याची नजर कडेकडेनं मिटायला लागली, त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यांना जे वाचायचं होतं ते मला शिकावंच लागलं.

त्यांचा आजार जन्माबरोबर आलेला. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि ही बाजू दर वर्षी थोडी आत सरकते. मोबाईलवरची अक्षरं मोठी केली तर ती उरलेल्या नजरेत मावत नाहीत, लहान ठेवली तर ओळ हरवते. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "यावर सध्या उपाय नाही. रात्रीचं ड्रायव्हिंग आजपासून बंद करा. दिवसाचंही लवकरच सोडावं लागेल."

आम्ही रेल्वेनं परत निघालो. पाचोरा मागे पडल्यावर हे म्हणाले, "गाडीला सुपरचार्जर बसवून घेतो. आता नाही तर कधीच नाही."

गाडी म्हणजे त्यांची जुनी जपानी पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली. तिचं सस्पेन्शन खाली घेतलं होतं, सायलेन्सर बदलला होता. आमच्या गल्लीत ती शिरली की घरातले लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, असं माझी बहीण अजून म्हणते. पण डोळ्यांसाठी मला काहीच करता येत नव्हतं. आणि इथे हा माणूस कितीतरी दिवसांनी पुढच्या महिन्याचं काहीतरी बोलत होता.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मी इंग्रजीतलं वाचायची आणि जमेल तसं मराठीत सांगायची. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा जादा हवा आत कोंबतो, म्हणून इंजिन जादा पेट्रोल जाळतं आणि जादा ताकद देतं. त्यात मुख्य प्रकार दोन. एकाचा जोर वेग वाढेल तसा वाढतो. दुसऱ्यात दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि पहिल्या क्षणापासून हवा ढकलतात, पण ती हवा तापते. हे पाइपच्या कारखान्यात मशीन सांभाळतात. तिथे प्लास्टिकचे दाणे ओढायला तसलेच ब्लोअर आहेत, त्यामुळे मी अर्धं वाक्य वाचलं की उरलेलं तेच पुरं करायचे.

धुळ्याला हायवेजवळ एक गॅरेजवाले होते. रेसच्या गाड्यांवर काम केलेले, चाळिशीचे, मोजकं बोलणारे. आम्ही रविवारी गाडी घेऊन गेलो. हेच चालवत होते. एरंडोल, पारोळा, मुकटी. सबंध वाटेत मी डावीकडे बघत बसले होते.

गॅरेजवाले म्हणाले, "भाऊ, पहिला प्रकार घ्या. आपल्याकडे मे महिन्यात काय ऊन असतं, तुम्हाला सांगायला नको. तापलेली हवा आत गेली की पेट्रोल अवेळी पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. पिस्टन जाईल."

"मला वेग वाढायची वाट बघायची नाही," हे म्हणाले. "पाय ठेवला की ताकद हवी."

"मग हवा गार करायला पाण्याचा कूलर लावावा लागेल. दाबही कमी ठेवू."

"चालेल."

"आणि गाडीच्या कागदपत्रांत हे बसत नाही. आरटीओनं धरलं तर उत्तर तुमचं."

"चालेल."

मग गॅरेजवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच्या जरा आधी ह्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलेला पाना हातानं चाचपून शोधला होता आणि ते गॅरेजवाल्यांनी बघितलं होतं. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे वळले. समोर असलेला माझा चेहरा त्यांना नीट दिसत होता. मी म्हटलं, "त्यांना हवा तोच बसवा."

गाडी तिथे ठेवून आम्ही एसटीनं परतलो. पुढचे कितीतरी रविवार एसटीनंच गेलो. दिल्लीहून एका मोडलेल्या परदेशी गाडीचा सुपरचार्जर आला, मांडीवर मावेल एवढा, पण उचलताना हात खाली ओढणारा. त्यासाठी लेथवर ब्रॅकेट बनवलं, तर पट्टा तिरका पळू लागला. पुन्हा बनवलं. पेट्रोलचा पंप बदलला, इंजेक्टर मोठे घातले. हे बॉनेटमध्ये हात घालून प्रत्येक नट स्वतः तपासायचे. तिथे त्यांना डोळे लागत नव्हते. एकदा येताना त्यांना एसटीची पायरी दिसली नाही, नडगी सोलून निघाली. घरी आल्यावर मी हळद लावत होते आणि हे पट्ट्याच्या ताणाबद्दल बोलत होते.

शेवटी एका सकाळी गॅरेजवाले म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे, सगळं नीट बसलंय. आता रस्त्यावर काढू."

रस्त्यावर चालवत चालवत इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं ते लॅपटॉपनं ठरवायचं होतं. आधी गॅरेजवाल्यांनी चालवली. हे शेजारी बसले, पण हलत्या स्क्रीनवरचे आकडे त्यांना सापडेनात. मग मी पुढे आले, हे मागे गेले. मी आकडे वाचत होते आणि गॅरेजवाले थांबून थांबून दुरुस्त्या करत होते. पाय पडला की बॉनेटखालून एक बारीक, चढत जाणारी शिट्टी यायची आणि माझी पाठ सीटला चिकटायची. मला ते आवडलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"आता मला द्या," हे मागून म्हणाले.

गॅरेजवाल्यांनी आरशातून ह्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. मग उतरले आणि मागे बसले.

शिरपूरकडे जाणारा सरळ रस्ता होता, मोकळा. ह्यांनी गाडी फार सुंदर चालवली. गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. मला आकडे वाचायचे होते, पण मी डावीकडे बघत होते, म्हणून मला ती बाई दिसली. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन ती रस्त्यात उतरली होती. भाऱ्यामुळे तिला आमची गाडी दिसणं शक्यच नव्हतं.

"अहो, डावीकडे!"

त्यांनी ब्रेक मारला. गाडी फरफटत तिच्या अलीकडे थांबली. बाई दचकली, भारा सावरला आणि मागे फिरून आम्हाला अहिराणीत शिव्या देऊ लागली. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

"मला ती दिसलीच नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. आधी कधी उजेड कमी असायचा, कधी समोरच्याचा दोष असायचा. मागून गॅरेजवाले हळूच म्हणाले, "भाऊ, मी चालवतो." हे उतरले, गाडीला हात लावत लावत दुसऱ्या बाजूला आले आणि मागे बसले; मीही पुढून उठून मागे त्यांच्या शेजारी गेले. गॅरेजवाल्यांनी आम्हाला थेट जळगावला आणून सोडलं. चहाही न घेता ते एसटी स्टँडकडे गेले.

गाडी आता आमच्या दारात उभी आहे. मला स्कूटर येते, पण त्या गाडीचा क्लच माझ्याच्यानं दाबला जात नाही. मी दोनदा शिकायला बसले. दोन्ही वेळा शेजारी बसून हे इतक्या हळू आवाजात सूचना देत राहिले की मला रडू फुटलं. आठवड्यातून एकदा हे ती सुरू करतात, बॉनेट उघडून उभे राहतात आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात.

मागच्या महिन्यात शिरपूरचा एक तरुण ती विकत घ्यायला आला. त्याला कुणीतरी तिच्याबद्दल सांगितलं होतं. तो एक फेरी मारून आला, खूश होता. हे फाटकाजवळ उभे राहून सगळा वेळ ऐकत होते.

"नाही द्यायची," ते म्हणाले. "तो गिअर उशिरा बदलतो."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पाणी दिलं.