म्हशीपेक्षा हलका धक्का

तिसऱ्यांदाही म्हैसच निघाली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर तडकला होता. "मॅडम, तुमच्या म्हशीपायी किती बार पळायचं आमी? तिकडं खरे पेशंट वाट पाहून राहिले."

त्याचं बरोबरच होतं. असंच चाललं तर तो एक दिवस यायचाच थांबणार, याची मला धास्ती होती.

मी रस्ता सुरक्षेची इंजिनिअर. औंढा नागनाथ ते जवळा बाजार रस्त्यावरच्या एका वळणावर आम्ही नवं क्रॅश बॅरियर बसवलं होतं. नेहमीचं बॅरियर म्हणजे खांबांवर ठोकलेला नागमोडी पत्रा. गाडीला तो अडवतो. मोटारसायकलवाला मात्र घसरला की पत्र्याखालून सरकतो आणि लोखंडी खांबावर आदळतो. म्हणून आम्ही खाली, जमिनीलगत, आणखी एक लवचिक पट्टी लावली. शिवाय सेन्सर. धक्का बसला की ॲम्ब्युलन्सला आणि मला मेसेज. दुपारी त्या वळणावर चिटपाखरू नसतं, जखमीला बघणार कोण?

म्हैस असायची. शेजारच्या शेतातल्या कोंडाबाईंची. रोज येऊन बॅरियरला अंग घासायची.

"सेन्सिटिव्हिटी कमी करा," हिंगोलीच्या ऑफिसात साहेब म्हणाले. "म्हैस कळली नाही की विषय संपला."

मलाही पटलं. तरी बदल करण्याआधी पोत्यात माणसाच्या वजनाएवढी वाळू भरली आणि पिकअपमधून ते पोतं पट्टीवर घसरवलं. रीडिंग म्हशीपेक्षा कमी आलं. पुन्हा घसरवलं, तेच. मग लक्षात आलं. पट्टी धक्का पोटात घेते, म्हणून तर माणूस वाचतो. पण म्हशीला गाळायला गेलो, तर माणूस तिच्याआधी गाळला जाणार! साहेबांचा उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"मग म्हैस हलवा," साहेब म्हणाले. जणू ती बदलीच्या ऑर्डरवर जाणार होती.

मी कोंडाबाईंना विनंती केली, म्हैस इकडे सोडू नका.

"काहून?" त्या म्हणाल्या. "हितं बाभूळ होती. तिलाच घासायची ती. बाभूळ कोनं तोडली? तुमीच ना? आता तिनं खाजवायचं कुठं?"

बाभूळ आमच्या ड्रॉइंगमध्ये 'अडथळा' होती.

शेवटी बॅरियरचा उरलेला एक खांब त्यांच्या शेतात रोवला, त्याला काथ्याची दोरी गुंडाळली. म्हशीने आधी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा मान घासली आणि तिथलीच झाली. सेन्सर आहे तसाच ठेवला.

पोळा झाल्यावर एका दुपारी मेसेज आला. पाठोपाठ ड्रायव्हरचा फोन. "म्हैसच असंल ना, मॅडम?"

त्याला लाइनवर ठेवून मी दुसऱ्या फोनवरून कोंडाबाईंना विचारलं, "म्हैस कुठंय?"

"ही काय, माझ्यापुढं. खांबाला घासून राहिली."

"म्हैस नाही," मी ड्रायव्हरला म्हटलं. "माणूस आहे. निघा."

तो पोचला तेव्हा कोंडाबाई एका माणसाला पाणी पाजत होत्या. बाजाराहून परतताना तो मोटारसायकलवरून घसरला होता. पाय मोडला, अंग खरचटलं. डोकं शाबूत, कारण पट्टीमुळे तो बॅरियरच्या खांबापर्यंत पोचलाच नाही. मी रीडिंग पाहिलं. म्हशीपेक्षा कमी.

शेतातला खांब रिपोर्टमध्ये कशात दाखवायचा, साहेबांनी विचारलं. मी 'सुरक्षा साधन' असं लिहिलं.

हल्ली साइटवर झाड तोडायची वेळ आली, की मी आधी विचारते, इथे अंग कोण घासतं?