उपाशी माळावरची चांदी

मेव्हिस थर्टलच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या थर्लिंग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती शाळेची बस चालवायची तेव्हा कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची गाय व्याली, कुणी केस रंगवले हे सगळं बस चर्चपाशी पोहोचेपर्यंत मागच्या बाकावर कळलेलं असायचं. आवाज असा की त्या बसला हॉर्न होता की नाही ते आज कुणाला आठवत नाही. मी पॅट. गावातलं दुकान माझं, आणि मेव्हिस माझी शाळेपासूनची मैत्रीण.

तिच्या नवऱ्याला, क्लाइव्हला, साखर कारखान्यातून निवृत्त होताना सोबत्यांनी जमिनीतला धातू शोधायचं मशीन भेट दिलं. तो ते घेऊन दोनदा शेतात गेला. पहिल्या दिवशी खिळा सापडला, दुसऱ्या दिवशी दुसरा खिळा. "हा सुताराचा खेळ आहे," असं म्हणून त्यानं मशीन जिन्याखालच्या कपाटात कोंबलं. मेव्हिसनं ते बाहेर काढलं, आणि त्यानंतर तिचा एकही रविवार कोरडा गेला नाही. चिखलात गुडघे, कानाला हेडफोन आणि हातात खुरपं.

सापडायचं काय? काडतुसांची पितळी बुडं, ट्रॅक्टरचे नट, बटणं, एकदा एक खेळण्यातली चेपलेली मोटार. सोमवारी सकाळी ती माझ्या दुकानात येऊन सगळं गल्ल्यावर ओतायची.

"पॅट, हे बघ."

"मेव्हिस, हे बाटलीचं झाकण आहे."

"हो, पण जुनं आहे," ती म्हणायची, आणि ते रुमालात बांधून घरी न्यायची. अशी मशीनं घेऊन हिंडणाऱ्यांच्या मंडळातले पुरुष तिला 'भंगारवाली' म्हणायचे. तिला ते नाव आवडायचं.

आमच्याकडची बहुतेक शेतं तिनं पालथी घातली, पण रोली बनेटच्या जमिनीवर मात्र कुणालाच पाय ठेवता येत नसे. रोली एकटा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सोबतीला डुकरं आणि गहू. त्याच्या फाटकावर पाटी होती: 'आत याल तर डुकरं सोडीन.' आणि तो सोडायचा.

एका ऑगस्टात, ऐन कापणीत, हा रोली तोंडावर हात धरून माझ्या दुकानात शिरला.

"मेव्हिफ कुठंय?"

"कोण?"

"मेव्हिफ. फांग मफीन घेऊन ये." मग हात काढून त्यानं मला तोंड दाखवलं. आत एकही दात नव्हता. कापणीच्या धुळीनं त्याला शिंक आली होती आणि कवळी उडून गव्हाच्या खुंटांत गेली होती. त्या कवळीला धातूची पट्टी होती, म्हणून त्याला मेव्हिस आठवली.

मेव्हिस हसत हसतच गेली. चहाच्या वेळेपर्यंत कवळी सापडली. रोलीनं ती थर्मासमधल्या चहानं धुतली, तोंडात बसवली, दोनदा चावून बघितली आणि मग सगळी अक्षरं नीट उच्चारत म्हणाला, "वर उपाशी माळ आहे. नांगरट झाली की ये. खड्डे बुजवायचे."

रोलीच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे दुसऱ्या कुणी घराच्या किल्ल्या हातात देण्यासारखं होतं.

उपाशी माळ हे त्या शेताचं नाव पणजोबांच्या काळापासूनचं. बीट तिथं मुठीपेक्षा मोठं होत नाही, गहू गुडघ्याशी येऊन दमतो. सप्टेंबरच्या शेवटी नांगरट झाली. बुधवारी दुपारी दुकान बंद असतं म्हणून मीही गेले. अंड्याची सँडविचं, थर्मास, आणि बसायला एक पालथी बादली. मेव्हिस हेडफोन लावून मशीन झुलवत चालली होती आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, अशा थाटात बेसूर गात होती.

एकदम गाणं थांबलं. मेव्हिस गप्प. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी तिला घाबरले ती तेव्हाच.

ती कुंपणालगत गुडघ्यांवर बसली होती. तळहातावर नखाएवढी, पातळ, अर्धचंद्रासारखी एक चकती. काळपट, पण एका कडेला तिनं थुंकी लावून पुसलं होतं तिथं पांढरी चमकत होती.

"हे तर अर्धंच आहे," मी म्हणाले.

"कापलंय ते. सात-आठशे वर्षांपूर्वी सुटे नसायचे, पॅट. चांदीची पेनी घ्यायची आणि मधोमध कापायची. कुणीतरी याची अंडी आणली असतील." तिचा आवाज कुजबुजण्याएवढा झाला होता. मेव्हिसला कुजबुजता येतं हेही मला तेव्हाच कळलं.

ती उठली, मशीन एक पाऊल पुढं नेलं. लोखंडाला ते मशीन डुरकतं, चांदीला गातं. आता ते गायला लागलं, हेडफोनमधून मलाही ऐकू येण्याइतकं. पुन्हा एक तुकडा. मग एक अख्खं नाणं, त्यावर टिंबांचे डोळे आणि कुरळे केस असलेला कुणी राजा. मला तो भादरायला आलेल्या मेंढीसारखा वाटला. मी तसं म्हटलं, आणि तिथं सगळं बिघडलं. मेव्हिसला हसू फुटलं. ती चिखलात फतकल मारून बसली आणि हसता हसता तिला उचक्या लागल्या. मग मला लागल्या. आम्ही दोघी साठी ओलांडलेल्या बायका नांगरटीत बसून एकमेकींच्या खांद्यावर डोकं आपटत होतो, आणि मध्येच तिनं मशीन नुसतं बाजूला सरकवलं तर ते पुन्हा गायलं. त्यावर तर आम्ही आडव्याच झालो.

रोलीनं हे लांबून ट्रॅक्टरवरून बघितलं. त्याला वाटलं मेव्हिसला झटका आला. तो उतरून धावत आला. रोलीला धावताना मी प्रथमच बघत होते.

"डॉक्टरला बोलावू का?"

"रोली, बस इथं," मेव्हिस म्हणाली आणि ते अख्खं नाणं तिनं त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. "माझ्या शेतात?"

"तुझ्या शेतात."

"पण इथं तर काहीच उगवत नाही," तो म्हणाला. मग त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसला. गंजलेलं फाटक उघडावं तसं हसणं. नंतर आम्ही तिघांनी मिळून सँडविचं खाल्ली. चव काय होती ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि मग मेव्हिसनं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. मशीन अजून गात असताना तिनं हेडफोन काढून ठेवले.

"आता पुढं आपण खणायचं नाही," ती म्हणाली. "खाली कसं पडलंय, कशात पडलंय, ते त्यातल्या जाणत्या माणसांनी बघायला हवं. कायदाच आहे तसा."

"अजून थोडं?" रोली म्हणाला.

"नाही म्हटलं ना. मला पाघळवू नकोस, माझा माझ्यावर भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी नॉरिच शहरातल्या संग्रहालयातून रोवन नावाची मुलगी आली. अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद करणं तिचं काम. नाणी बघता बघता तिचे कान लाल झाले. माणसं जमवून नीट खणायला काही आठवडे लागतील, म्हणाली. तोवर कुणाला एक शब्द सांगायचा नाही. बातमी फुटली की रात्री चोर मशीन घेऊन येतात आणि सगळं उकरून नेतात.

"कुणालाच म्हणजे?" मेव्हिसनं विचारलं.

"कुणालाच. घरातसुद्धा नाही."

मी मेव्हिसकडं बघितलं. मेव्हिस ढगांकडं बघत होती. क्लाइव्हला सांगायची तर सोयच नव्हती. तो पबच्या डार्टच्या संघात आहे. त्याला सांगायचं म्हणजे चर्चची घंटा वाजवायची.

रोलीनं आपल्या परीनं बंदोबस्त केला. डुकरांच्या खतानं काठोकाठ भरलेला ट्रेलर त्यानं नेमका त्या जागेवर नेऊन उभा केला. "आता येऊ देत कोण येतो ते," म्हणाला.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. मेव्हिस रोज दुकानात यायची, तोंड उघडायची, दुसरं गिऱ्हाईक बघायची, पेपरमिंटची पुडी विकत घ्यायची आणि जायची. माझी पेपरमिंट एवढी कधीच खपली नव्हती. दुपारी ती रोलीकडं जाऊन ट्रेलर जागेवर आहे ना ते बघून यायची. येताना गाल लाल, केस विस्कटलेले, ओठांवर गाणं. मध्येच, काही कारण नसताना, हसायची. गावाला दुसरं काय हवं? गावानं हिशेब जुळवला.

पबमध्ये कुणीतरी क्लाइव्हला म्हणालं, "तुझी बायको रोली बनेटकडं फार जाते हल्ली." क्लाइव्ह इतका हसला की बिअर नाकातून आली. पण घरी गेला तर मेव्हिस गुणगुणत त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या सदऱ्याला कधी इस्त्री केली नव्हती. तिच्या हाताला नुसतं काहीतरी काम हवं होतं, पण त्याला ते कसं कळणार? सकाळी तो माझ्याकडं आला.

"पॅट, खरं सांग. मेव्हिसचं आणि रोलीचं काही आहे का?"

मी चटकन पावाच्या फळीकडं तोंड फिरवलं. हसू आवरत नव्हतं, खांदे गदगदत होते. त्याला वाटलं मी रडतेय.

"म्हणजे आहे," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

थोड्या वेळानं खिडकीतून बघते तर लग्नाकार्याला घालायचा कोट चढवून तो घरासमोर गाडीत बसत होता. मी दुकानाला कुलूप घातलं आणि त्याच्या मागोमाग निघाले. कारण खणायला सुरुवात झाली होती ती नेमकी त्याच सकाळी.

माळावर खताचा ट्रेलर बाजूला ओढलेला, वास अजून जागेवर. रोवनची माणसं पलीकडं माती चाळत होती; चौकोनी खड्ड्याभोवती मेव्हिस, रोली आणि रोवन गुडघ्यांवर, डोकी खड्ड्यात आणि पार्श्वभाग आकाशाला. क्लाइव्ह काठावर जाऊन उभा राहिला.

"मेव्हिस."

तिनं डोकं वर काढलं. नाकाला माती. "क्लाइव्ह? कोट कशाला घातलास?"

"रोलीशी बोलायला."

"माझ्याशी?" रोली म्हणाला. "कशाबद्दल?"

क्लाइव्हची नजर खड्ड्यात गेली होती. फुटक्या मडक्याचं बूड, आणि त्यात एकमेकांना चिकटून बसलेली नाणी, पुड्यातल्या बिस्किटांसारखी, एकावर एक.

"मला वाटलं नुसतं प्रेमप्रकरण असेल," तो म्हणाला.

रोवनला हसू आवरेना. ब्रश बाजूला ठेवून ती खड्ड्याच्या काठावर बसली. रोलीला अर्थ कळायला जरा वेळ लागला, आणि कळला तेव्हा त्याची मान टाचणीनं टोचल्यासारखी ताठ झाली. "मेव्हिसशी?" तो म्हणाला. "इतकं बोलणाऱ्या बाईशी?" यावर मेव्हिसनं त्याला मातीचं ढेकूळ मारलं.

जरा वेळानं क्लाइव्ह म्हणाला, "ते मशीन माझं आहे."

"होतं. तू त्याला जिन्याखाली कोंडलं होतंस."

"ते खरं," तो म्हणाला आणि चांगल्या विजारीनिशी गुडघ्यांवर बसला. रोवननं एक सुटं नाणं त्याच्या हातावर ठेवलं. कोंबडीचं पिल्लू धरावं तसं त्यानं ते धरलं. "किती हलकं आहे. कुणाचं असेल?"

"ते नाही कळायचं," रोवन म्हणाली. "कुणीतरी जपून पुरलं आणि न्यायला परत येऊ शकलं नाही."

एवढ्यापुरतं आमचं हसणं थांबलं. वारा होता, वर टिटव्या ओरडत होत्या.

"बिचाऱ्यानं शोधलंही असेल," मेव्हिस म्हणाली. "आला असेल आणि त्याला जागाच सापडली नसेल."

"किंवा तिला," रोली म्हणाला.

"त्यांच्याकडं मेव्हिस नव्हती," क्लाइव्ह म्हणाला. मेव्हिसला काही बोलायला सुचलं नाही, आणि हे साक्षीदारांसमोर घडलं म्हणून मी सांगतेय.

पुढं सगळं रीतसर झालं. नाणी संग्रहालयानं घेतली, बक्षीस शोधणारीला आणि जमिनीच्या मालकाला निम्मं निम्मं. रोलीनं डुकरांना नवं छप्पर घातलं. मेव्हिसनं क्लाइव्हला त्याचं स्वतःचं मशीन घेऊन दिलं. पहिल्याच दिवशी त्याला खिळा सापडला.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नाणी काचेत मांडली, तेव्हा मेव्हिसनं जुन्या ओळखीवर शाळेची बस मागून आणली आणि सगळ्या गावाला नॉरिचला नेलं. 'भंगारवाली' म्हणणारेही पुढच्या बाकांसाठी भांडले. रोली गाव सोडून वर्षानुवर्षं कुठं गेला नव्हता. त्यानं काचेला इतकं नाक लावलं की पहारेकऱ्यानं येऊन दोनदा पुसली. मेव्हिस नाण्यांकडं बघतच नव्हती. ती बाजूला उभी राहून बघणाऱ्यांची तोंडं बघत होती, आणि कुणी अनोळखी माणूस वाकला की मला कोपर मारत होती. शेवटी तिचं हसू फुटलंच, त्या शांत दालनात, आणि आम्हाला जरा लवकर बाहेर पडावं लागलं.

परतताना गावाच्या आधी तिनं बस उपाशी माळाच्या वाटेला वळवली आणि थांबवली. सगळे उतरले. शेतात बोटभर हिरवा गहू होता, बाकी काही नाही. काय बघायचं ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. कुणीतरी विचारलं, "कुठं?" रोलीनं हात करून दाखवलं, आणि सगळे त्या बाजूला बघत उभे राहिले. थंडी वाढली, चिखलात बूट रुतायला लागले, मेव्हिसनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी बसमध्ये चढायची घाई कुणालाच नव्हती.