कार्यक्रम रद्द झाला होता

आमच्या तेर गावात परदेशी रॉक ऐकणारी मी बहुधा एकटीच होते. मोठा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत येताना मित्रांकडून भरून घेतलेल्या कॅसेटी आणायचा. त्यातल्या एका कीबोर्डवाल्यावर माझा जीव जडला. इंग्लंडचा माणूस, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, त्यात गाणं कमी आणि वाजवणंच जास्त. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे भावानंच सांगितलं. वीज गेली की टेप सेलवर चालायचा, आणि सेल उतरले की मी ते पत्र्यावर उन्हात तापायला ठेवायचे. आईला वाटायचं, पोरीचं डोकं फिरलंय. तिचं फारसं चुकतही नव्हतं.

भावाला ते संगीत आवडायचं, पण ताल धरता यायचा नाही. पायानं ठेका धरायला गेला की दर वेळी चुकायचा. आमचे अण्णा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांच्या मागं बसून मी मात्रा मोजायला शिकले होते. तीन-चारदा ऐकल्यावर मला कळलं, हा गडी सात मात्रांत वाजवतोय. आपला रूपक तालच, फक्त उलट्या बाजूनं धरलेला: आपण तीन-दोन-दोन मोजतो, हा दोन-दोन-तीन. मी भावाला अंगणात बसवून बोटांवर मोजायला शिकवलं. दोन दिवस लागले त्याला. अण्णांनाही ऐकवलं, तर ते एवढंच म्हणाले, की माणूस तालाचा पक्का आहे. अण्णांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप होतं. मला आकड्यांची गोडी लागली ती त्या कीबोर्डवाल्यामुळं. पुढं गणितच घेतलं, आणि आज लोहाऱ्यात गणितच शिकवते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना भावाचा निरोप आला, की तो कीबोर्डवाला पुण्यात येतोय. मी तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. एक दिवस जेवलेही नाही. शेवटी अण्णा म्हणाले, जाऊ दे, भाऊ आहे तिथं. बॅग भरली, पुण्याची एसटी ठरली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारच्यांकडं भावाचा फोन आला. कार्यक्रम रद्द झालाय, म्हणाला. त्या माणसाला म्हणे इथली व्यवस्था पसंत पडली नाही, ऐनवेळी नकार देऊन विमानानं परत गेला.

मला रडू आलं नाही, राग आला. ज्याच्यासाठी आईची बोलणी खाल्ली, त्यानं आम्हाला नाक मुरडावं? सगळ्या कॅसेटी ट्रंकेत टाकल्या आणि पुन्हा लावल्या नाहीत. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली. कुणी त्याचं नाव काढलं की मी म्हणायचे, वाजवतो चांगला, पण लई माजोरडा. नवऱ्याला हेच सांगितलं, मुलीलाही हेच. तिनं एकदा मोबाईलवर त्याचं काही लावलं, तर मी बंद करायला लावलं.

गेल्या महिन्यात तो कीबोर्डवाला वारला. मला कळलं ते भावाच्या स्टेटसवरून. भाऊ आता पुण्यातच स्थायिक झालाय. त्यानं एक जुना फोटो टाकला होता: चार मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे, त्यात एक भाऊ, मागं स्टेज. स्टेजवरच्या फलकावर त्या माणसाचं नाव, खाली पुणे, आणि तारीख. ती तारीख मी विसरणं शक्यच नव्हतं. फोटोखाली भावानं लिहिलं होतं, 'या माणसानं मला सात मोजायला शिकवलं.'

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. तासाची घंटा होऊन गेली होती. वर्गात गेले, फळ्यावर एक उदाहरण लिहिलं, आणि ते मलाच सुटेना. मधल्या सुट्टीत भावाला फोन लावला.

आधी तो हसला, म्हणाला, किती जुनी गोष्ट काढलीस. मग म्हणाला, तुझी राहायची सोय नव्हती. मग म्हणाला, अण्णा मनातून राजी नव्हते. शेवटी खरं बाहेर आलं.

"अगं, सगळी पोरं शहरातली. तू तिथं दोन वेण्या घालून येणार, बोटांवर मोजत बसणार. हसली असती की मला."

"पहिलं काय वाजवलं त्यानं?" मी विचारलं.

"आता न्हाय गं ध्यानात. लई गर्दी होती."

मी फोन ठेवला. त्याला माझी लाज वाटली, हे मी एकवेळ समजू शकते. त्या वयात वाटते. 'मीच आजारी आहे, तू येऊ नकोस,' असं त्यानं सांगितलं असतं तरी मी घरी थांबले असते. पण त्यानं दोष टाकला तो त्या परक्या माणसावर. तो बिचारा ठरल्या दिवशी आला होता, वाजवून गेला होता. त्याला मी बावीस वर्षं माजोरडा म्हणत राहिले, आणि दर भाऊबीजेला पाट मांडून ओवाळलं ते याला.