कुर्टच्या फोटोंमागची नावं

फोटोंच्या मागे पेन्सिलने लिहिणारा मीच. मराठीत काऊन लिहिलं म्हणाल, तर मला जर्मन लिहिता येत नाही. संपलं.

कुणी विचारलं नाहीये. पण विचारतील, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आज कुर्टच्या मातीला जाऊन आलो. आमचा शेजारी. आयुष्यभर कोळसा काढला, शेवटी छातीत तोच उरला.

मी बोलतोय, मुलगा मिलिंद ही पोस्ट टाइप करतोय. त्याला सांगितलंय, भाषा सुधारायची नाही.

मिलिंदचं ऑफिस ड्युसेलडॉर्फला. घर इकडे, बंद पडलेल्या खाणीच्या वसाहतीत. मी व्हिसावर तीन महिने येतो. हे तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी कुर्टने कुंपणावरून विचारलं, तुम्ही काय करायचात? माझी नात सई, तिने सांगितलं, आजोबा खाणीत दिवे द्यायचे.

चंद्रपूरकडे बत्तीघरात होतो मी, तीस वर्षं. खाली जाणाऱ्याला त्याच्या नंबरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घेऊन हुकाला लावायचा. ज्याचा हुक रिकामा, तो अजून खाली. एवढंच काम. पण माणसं चेहऱ्याने पाठ होतात.

कुर्ट तसाच वळला. आत गेला आणि खोका घेऊन आला.

खोक्यात वसाहतीचे जुने फोटो. दोनशे असतील.

खाणवाल्यांचा बँड, काळे डगले, टोपीला तुरे. कबुतरांच्या शर्यती. दारात बांधलेली शेळी. जत्रेसाठी बटाटे सोलणाऱ्या बायका. आंघोळीची खोली, तिथे कपडे साखळीने वर छताला टांगलेले. मला वाटलं माणसंच लटकलीत. तसं बोललो पण. सईने सांगितल्यावर कुर्ट खोकला येईपर्यंत हसला.

ह्या वर्षी इथल्या फेराइनने, म्हणजे मंडळाने, त्या फोटोंचं प्रदर्शन काढायचं ठरवलं. त्यांचा माणूस आला, फोटोंखाली पट्ट्या चिकटवून गेला.

खाणकामगार, उनबेकान्ट. म्हणजे अनोळखी.

कुर्ट तापला. "अनोळखी? ह्याच्या डब्यातलं मी अकरा वर्षं खाल्लंय."

पण त्याचे हात थरथरायचे, लिहिता यायचं नाही. मुलगी हाम्बुर्गला. आणि सगळी नावं माहीत असलेला तोच एक उरलेला.

मी म्हटलं, तू सांग, मी लिहितो.

रोज जेवण झालं की बसायचो. तो बोट ठेवून नाव सांगायचा, मी मागे लिहायचो. रांग कितवी, डावीकडून कितवा. नाव कानावर पडलं तसं.

सून म्हणाली, "अहो बाबा, निदान स्पेलिंग तरी विचारून घ्या."

विचारलं असतं. त्याला श्वास पुरत नव्हता. स्पेलिंग विचारत बसलो असतो तर दिवसाला दोन माणसं झाली असती. अशी पंधरा व्हायची.

एक राहिला.

शिफ्टच्या आधीचा फोटो, बावीस जण. मधल्या रांगेत एक मिशीवाला हसतोय. त्याच्यावर बोट आलं की कुर्ट म्हणायचा, "वायटर." पुढे चल.

तीनदा विचारलं. तीनदा वायटर.

विसरलेल्या माणसाचं तोंड वेगळं असतं. मी पुढच्याचं नाव लिहायला घेतलं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात एकटाच गेलो, बसने. तो फोटो बरोबर नेला.

कुर्टने मास्क बाजूला केला. विली, म्हणाला. मग आडनाव. मग बाकीचं पण सांगितलं.

सई नव्हती. माझं जर्मन दुकानापुरतं. तरी सगळं समजलं. त्याने हाताने छत दाखवलं, छताचा टेकू दाखवला, हात खाली आपटला, मग स्वतःच्या छातीवर हात मारला. आमच्याकडेही हुक रिकामे राहिलेत.

मी फक्त नाव लिहिलं. त्याने बघितलं आणि मास्क परत लावला.

आज दफनानंतर हॉलमध्ये कॉफी आणि केक. इथली पद्धत. रडून झालं की खायचं. मला पटते.

कुर्टच्या मुलीने खोका फेराइनवाल्याकडे दिलेला. चांगला माणूस आहे. म्हणाला, "मागे कुणीतरी पोराने गिरगटलंय, मी पुसायला घेतलंय." तीन फोटो पुसून झालेले.

मी कप खाली ठेवला.

जे बोललो ते मराठीत बोललो. मिलिंद म्हणतो, ते इथे टाइप करणार नाही.

मग सईला शेजारी बसवलं. मी वाचायचं, तिने जर्मनमध्ये उतरवायचं. पुसलेल्या तीन फोटोंत एकोणचाळीस माणसं. चेहरा बघितला की नाव येत होतं.

"आजोबा, बिस्ट डू झिशर?" नक्की का, म्हणे.

"तू लिही."

हॉलमधून आवाज यायला लागले. हे माझे वडील. ह्यांनी आमचं छप्पर घातलं. एक म्हातारी म्हणाली, नोखमाल, परत म्हण. चारदा म्हटलं.

शेवटी विली.

काठी टेकत एक बाई पुढे आली. विलीची बहीण. म्हणाली, "कुर्ट दर रविवारी आमच्या आईकडे यायचा, ती जाईपर्यंत तिचं सगळं केलं. पण विलीचं नाव कधी काढलं नाही. तुम्हाला काही सांगितलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाव सांगितलं."

"आणखी काही?"

"नाव सांगितलं."

तिने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. मग फोटोखालची अनोळखीची पट्टी नखाने खरवडून काढली.

कुर्ट, ग्ल्युक आउफ. खाणीत उतरताना तुम्ही एकमेकांना म्हणायचात ना, सुखरूप वर ये, ते. तुझी सगळी माणसं नावानिशी लागली.

मिलिंद टाइप करता करता विचारतोय, "बाबा, विलीचं काय सांगितलं त्यांनी?"

नाही सांगणार. इनबॉक्समध्येपण विचारू नका.