बिनकमरेचा ड्रेस

सासूबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा एप्रिल संपत आला होता. चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती वेगळी सांगायला नको. कुरखेड्याजवळच्या त्यांच्या गावी विश्रांती मिळाली नसती, म्हणून आम्ही त्यांना ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, कमरेला घट्ट काहीही बांधायचं नाही. म्हणजे परकराची नाडी नाही. नाडी नाही म्हणजे साडी नाही.

मी त्यांना माझे दोन सुती गाऊन दिले. ते त्यांनी घातले, पण त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाखाली बायका खुर्च्या टाकून बसायच्या. मी चला म्हटलं की त्या म्हणायच्या, "मॅक्सीवर कुठी जाऊ? झोपेतून उठून आल्यासारखी दिसते मी." खिडकीतून मात्र बघत बसायच्या. आयुष्यभर धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात वावरलेली बाई कूलरसमोर बसून कंटाळून गेली होती.

त्यात मेच्या शेवटी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. लहानपणी त्यांच्याच मांडीवर वाढलेली पोरगी. "मी नाई येत, तुम्ही जाऊन या," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

मी चाचरतच विचारलं, "आई, तुमच्यासाठी एखादा ड्रेस शिवून घेऊ का?"

चाचरण्याला कारण होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बॅगेत चार पंजाबी ड्रेस होते. ते बघून त्यांनी एवढंच म्हटलं होतं की आपल्या घरच्या सुना साडीतच बऱ्या दिसतात. ते चारही ड्रेस माझ्या बहिणीकडे गेले. पुढे नवऱ्याची नोकरी ऊर्जानगरला लागली आणि मी इथे ड्रेस घालू लागले, पण गावी जाताना आजवर साडीच नेसत आले.

"मले ड्रेस?" त्या हसल्या. "म्हातारपणी पोरगी बनवून राह्यली का मले?"

पण नाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही रिक्षाने बाजारात गेलो.

रात्री मी मोबाइलवर बरंच वाचून ठेवलं होतं. पोट मोठं असेल तर कसा कट घ्यावा, खांदे रुंद असतील तर गळा कसा असावा, दंड जाड असतील तर बाही कुठवर हवी. हे सगळं मी स्वतःसाठीही वर्षानुवर्षं वाचत आलेय. माझे खांदे लहान, कंबरेखालचा भाग भारी. त्यावर मी काढलेला तोडगा म्हणजे गडद रंगाचे, एक माप मोठे, गुडघ्याखाली येणारे कुर्ते. मे महिन्यातसुद्धा. सासूबाईंसाठीही मी मनात तेच ठरवलं होतं. गडद निळं कापड, लांब बाह्या, पोट दिसणार नाही असं काहीतरी ढगळ.

दुकानात मी निळं कापड काढायला लावलं. त्यांनी ते बोटांत चोळून बाजूला सारलं आणि फिकट पिवळ्या मलमलीवर हात ठेवला. त्यावर बारीक हिरवी पानं होती.

"आई, यात अंग जास्त भरल्यासारखं दिसेल."

"हाये तेवढंच दिसन. तू पण एवढं मोठं-मोठं काऊन घालते? पोतं घातल्यासारखं दिसते."

दुकानदार दुसरीकडे बघू लागला. मी हसले, पण ते वाक्य मला लागलंच. खरं होतं म्हणून लागलं असावं.

शिवणारी भाभी दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. माप घेताना ती म्हणाली, "काकी, पोट आत ओढू नका न. सांस सोडा. मग ड्रेस टाइट होईल, बोलाल मला."

सासूबाईंनी श्वास सोडला आणि पोट पुढे आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार बाळंतपणं आणि आता हे टाके झेललेलं ते पोट, आणि तरी टेप लागताच त्यांनी ते आत ओढलं होतं. मला वाटायचं, ही खोड आमच्या पिढीची, फोटोंनी लावलेली. त्यांचे तर लग्नानंतरचे दोनतीनच फोटो असतील.

ड्रेस घोट्यापर्यंतचा ठरला. छातीखालून हळूहळू रुंद होत जाणारा, कमरेला कुठेही न धरणारा. बाहीपाशी गाडी अडली. मी म्हटलं, कोपराखाली घ्या, दंड झाकले जातील.

"काऊन झाकाचे?" सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गोंदलेलं होतं. ठिपके, वेली, एक तुळशीवृंदावन. "मायनं गोंदवलं होतं माह्या. साडीत दिसते, मंग यात काऊन नाई?"

इतक्या वर्षांत मी ते हात रोज पाहिले होते. त्यांना ते आवडतात, हे कधी मनातच आलं नव्हतं. बारीक दिसावं म्हणून काय लपवायचं याचाच मी विचार करत होते. लोकांनी काय बघावं याबद्दल त्यांचं ठरलेलं होतं. बाही आखूड झाली.

पहिल्या फिटिंगला घोळ निघाला. त्यांची पाठ वाकलेली, त्यामुळे ड्रेस मागून वर चढला आणि पुढून पायात येऊ लागला. "ये तो गडबड झाली," म्हणत भाभीने शिवण उसवली आणि मागचा भाग खाली वाढवून दिला. दुसऱ्यांदा घातला तेव्हा घेर सगळीकडून सारखा बसला. सासूबाई आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्याच कापडाची ओढणी डोक्यावर घेऊन बघितली, खांद्यावर घेऊन बघितली.

"हलकं वाटते," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "लग्नात तू पण ड्रेसच घाल."

"गावी? मी?"

"मंग! मी एकटीच ड्रेसमधी असली तर सारे मलेच पाह्यतीन. दोघी असलो म्हंजे बरं."

इतक्या वर्षांच्या उकाड्यातल्या साड्या आठवल्या, लग्नमांडवातल्या, बसमधल्या. आणि आज परवानगी मिळत होती ती त्यांना सोबत हवी म्हणून. राग आला, आणि तो आल्याआल्याच ओसरला. भीतीने माणूस सोबत शोधतो, आणि त्यांनी मला शोधलं होतं. मी तिथेच भाभीला माझं माप दिलं. नेहमीपेक्षा एक माप कमी, खांद्यावर नीट बसणारं, कंबरेखाली मोकळं.

लग्नघरी बायकांनी आम्हाला घेरलंच. सासूबाईंची एक चुलत जाऊ त्यांना म्हणाली, "बाई, तुम्ही ड्रेस घालून राह्यल्या?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पोट चिरलं माह्यं. नाडी कुठी बांधू?" आणि तिच्या हातात ओढणीचं टोक दिलं. "पाह्य, कापड कसं हाये."

मग तिने कापड बघितलं, दुसरीने बघितलं, आणि बोलणं कापडावरून नवरीच्या शालूकडे गेलं. माझ्या ड्रेसबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. मी कित्येक वर्षं ज्याला घाबरत होते ते दोनचार मिनिटांत संपलं, याचं मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही.

घर सांभाळायला गावीच राहिलेले सासरे आमच्या आधीच लग्नघरी येऊन मांडवाच्या दाराशी बसले होते. बायकांतून सुटून आम्ही मांडवात शिरलो तेव्हा त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, ओळखलंच नाही आणि नजर पुढे नेली. मग दचकून परत वळवली.

"गरम नाई होत न यात?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग बरं हाये," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी शेजारची खुर्ची मोकळी केली.