पायऱ्यांवरून पाहिलेला युरोप

तुम्ही आत चित्रं बघताय आणि कुणीतरी तुमची पर्स धरून बाहेर बसलंय, असं कधी झालंय का?

मी बसलेय. पॅरिसला, व्हिएन्नाला, रोमला. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर. मांडीत सगळ्या बायकांच्या पर्स, पायाशी खरेदीच्या पिशव्या, खांद्यावर कुणाचं तरी जॅकेट.

"नीट धर हं. इथे चोर फार," ग्रुपमधल्या बोरिवलीच्या काकू म्हणायच्या.

"काकू, मलाही बघायचंय आत."

"तुला काय कळणार गं त्यातलं? नुसते नागडे पुतळे. बस इथे गार हवेत."

बाकीच्या हसायच्या. मग सगळ्या आत.

मी देवनारची. मुलुंडच्या एका टूर कंपनीत किचन हेल्पर होते. आपले ग्रुप युरोपात फिरतात तेव्हा स्वयंपाकी बरोबर नेतात. तिथेही पिठलं-भात लागतो. महाराज रांधायचे, मी त्यांच्या हाताखाली. सुरुवातीला मी वाढायचेसुद्धा. मग एकदा काकूंनी ताट पुढे करता करता आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याच संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून तू फक्त चिरायचं, सोलायचं. वाढतील महाराज."

कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं? मी सोललेला कांदा चालत होता. मी वाढलेला भात चालत नव्हता.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मोर्चाची पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. एका पत्रकावर परदेशातलं एक चित्र फिकट छापलं होतं. डोक्यावर ओझं घेतलेली बाई. असं चित्र मुळात केवढं असतं, त्याचे रंग कसे असतात, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी ही नोकरी धरली. निघताना आई म्हणाली होती, "डोळे भरून बघ आणि मला सांग." फोनवर विचारायची, "आज काय बघितलंस गं?"

"पायऱ्या."

"पायऱ्या बघायला इतक्या लांब गेलीस होय गं बाय?"

ती हसायची. मला हसू यायचं नाही. मॅनेजरना विचारलं की ठरलेलं उत्तर: "तुझं तिकीट पॅकेजमध्ये नाही."

सहलीचा शेवट लंडनला होता. तिथल्या मोठ्या चित्रसंग्रहालयाला तिकीटच नाही, कुणीही आत जावं, असं मॅनेजरनीच बसमध्ये माईकवरून सांगितलं. मी मागच्या सीटवर ऐकलं. दाराशी काकूंनी सवयीने पर्स पुढे केली.

"आज मीपण येतेय, काकू. इथे तिकीट नाहीये."

"फुकट आहे म्हणून कुणीही घुसायचं की काय?" हे त्या मला नाही, बाकीच्यांना म्हणाल्या.

मॅनेजर धावत आले. "ए, नाटकं नकोत यार. बॅगा कोण बघणार?"

"ज्याची त्याने."

हातातल्या पिशव्या मी त्यांच्यासमोर खाली ठेवल्या. आत गेले.

खोटं कशाला सांगू, कुणीतरी मागून हाक मारेल, दंडाला धरेल असं वाटत होतं. कुणी अडवलं नाही. एका चित्रापुढे मी थांबले ती थांबलेच. एक मुलगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाजी सोलतेय. बाह्या वर सारलेल्या, बोटं लाल झालेली. भोवती सोनेरी चौकट.

थोड्या वेळाने ग्रुप तिथेच आला. काकू माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. "हात बघा हिचे! किती सुंदर ना, कष्टाचे हात!"

मी म्हटलं, "काकू, हिने वाढलं तर जेवाल?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"कार्टी उद्धट आहे," त्या मॅनेजरना म्हणाल्या. "यांना डोक्यावर चढवलं की असं होतं."

यांना. आधी कार्टी म्हणून मग एका माणसाला "यांना" कोण म्हणतं? सगळी जात एकदम दिसत असेल तोच.

"मुंबईला गेल्यावर बोलू," मॅनेजर दात आवळून म्हणाले.

बोलणं झालंच नाही. पुढच्या टूरला माझं नाव नव्हतं. माझ्या जागी चेंबूरची एक मुलगी गेली. ती आता कुठेतरी पर्स सांभाळत बसली असेल. मी बोलले, आत गेले, चित्र बघितलं, आणि त्यांचं काय बिघडलं? धरायला दुसरे हात मिळाले. हेच मला सहन होत नाही.

म्हणून लिहितेय. यापुढे मी कुणाची पर्स धरणार नाही. ताटासमोर कुणी आडनाव विचारलं तर आधी विचारेन, "कशाला हवंय?" पण माझ्या एकटीच्या नकाराने भागत नाही, हे मला कळलंय.

तुम्ही सहलीचं बुकिंग करायला जाल. नाश्त्याला काय देता, हे हमखास विचाराल. त्याच दमात आणखी दोन गोष्टी विचारा. स्वयंपाकाच्या माणसांची तिकिटं काढता का? आणि जेवण कोण वाढतं, कोणाला वाढू देत नाही? समोरचा माणूस चुळबुळ करेल, विषय बदलेल. बदलू देऊ नका. सरळ उत्तर मिळेपर्यंत एक पैसाही भरू नका.